आक्कांनी सोडलेला कांदा

माझ्या नणंदेच्या परसात जसा कांदा होई तसा मोताळ्याच्या बाजारातही मी कधी पाहिला नाही, आणि ती बाई स्वतः कांदा खात नव्हती. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा हे कळायला मला आठ दिवस लागले.

घरात आम्ही तिघंच. सासू-सासरे आधीच गेलेले. माझे यजमान गावच्या शाळेत शिकवायचे आणि सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, म्हणून मीही मनातल्या मनात त्यांना मास्तरच म्हणत असे. आता या वयात ती सवय मोडायची म्हटली तरी मोडणार नाही. नणंद त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली आणि पुढे आईबाप गेल्यावर घर तिनंच सांभाळलं. तिला आम्ही दोघंही आक्का म्हणायचो. मास्तर 'आक्का, तू' म्हणत आणि मी 'आक्का, तुम्ही', एवढाच काय तो फरक.

मी लोणारकडची, सुलतानपूरची. आमच्याकडे 'मला' म्हणतात, इथे 'मले'. पहिले काही दिवस मी तोंड उघडलं की दोघं भावंडं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायची, म्हणून मी जेवताना गप्पच बसे. गप्प बसलं की डोळ्यांना काम मिळतं. रोज दुपारी आक्का एक कांदा घेऊन बसत, पाटावर ठेवून मुठीनं फोडत, वर मीठ टाकत आणि अर्धा भावाच्या ताटात, अर्धा माझ्या ताटात ठेवत. स्वतःला नुसता ठेचा आणि भाकरी. मला वाटलं, नव्या भावजयीला द्यायचं म्हणून आपला वाटा सोडत असतील. आठव्या दिवशी मी माझा अर्धा कांदा त्यांच्या ताटात सारला. ताटात विंचू पडावा तसं त्यांनी ताट मागे ओढलं.

"मले नाई चालत," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घातली आणि भाकरी चुरत बसले. चुरायची गरज नव्हती, ताटात कालवायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोहरा ओढता ओढता आक्कांनी आपणहून सांगितलं. "हा पाच वर्साचा होता. मुदतीचा ताप भरला. डोळे उघडे ना, पाणी घे ना. वैद्यानं हात टेकले. मंग मी देवीपाशी गेली अन् म्हटलं, माह्या भावाले उठव, मले जे सगळ्यात जास्त आवडते ते सोडते."

"आणि तुम्हाला सगळ्यात जास्त कांदा आवडायचा?"

"माही सासू म्हणे, हे पोरगी भाकरीसंग कांदा खाते का कांद्यासंग भाकर खाते तेच समजत नाई."

"मग दुसरं काही सांगायचं होतं देवीला. गूळ सोडते म्हणायचं."

"गूळ आठवला होता. पेरूही आठवला. पण देवीले खरं सांगा लागते." त्यांनी पोहरा रिकामा केला. "चौथ्या दिशी यानं डोळे उघडले अन् पहिलं काय मागितलं माहीत हाये? कांदा अन् भाकर."

हे सांगताना आक्का इतक्या हसल्या की पोहऱ्याचा दोर हातातून सुटता सुटता राहिला. मला मात्र हसू की नको ते कळेना. तेवीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला.

परस म्हणजे विहीर आणि गोठा यांच्यामधली जागा. वांगी, मिरच्या, मेथी, सांभार. इकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, हेही मला तिथेच कळलं. थंडीत मधले दोन वाफे कांद्याचे. जमीन चिकट काळी, वाळली की विटेसारखी. आक्का दर वर्षी नळगंगेची रेती टोपल्यानं आणून आणि चुलीची राख मिसळून ती मऊ करत. बी घरचंच. मागल्या वर्षीचे निवडक कांदे पुन्हा लावून त्यांना फुलू द्यायचं, पांढरे गोंडे वाळले की झोडपून काळं बी फडक्यात बांधायचं आणि राखेच्या मडक्यात ठेवायचं. ते मडकं देवघरात असे. का, तर उंदीर देवाला भितात असं आक्कांचं मत होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. भाषा आमची, कचेरी नागपूरची. कागद तिकडून निघे आणि फिरत फिरत शाळेत येई. शेतकी खात्याची पत्रकंही येत, कधी कपाशीच्या बोंडअळीवर, कधी गुरांच्या खुरांवर. गावात ती वाचणारे एकटे मास्तर. माझं लग्न झालं त्या वर्षी दिवाळीनंतर कांद्यावर पत्रक आलं, चार पानी, वर कांद्याचं चित्र. मास्तर ते हातात धरूनच घरी आले.

"आक्का, औंदा एक वाफा माहा."

"काऊन? माह्यानं होत नाई काय?"

"होते ना. पण शास्त्रानं कसं होते ते पाहू."

"पाय. मले मधात बोलावू नको म्हणजे झालं."

"मंग शर्त लावतं काय?"

आक्का मेथी निवडत होत्या. शर्त म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं. शर्त म्हटलं की त्यांना राहवत नसे, हे भावाला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या घरी चातुर्मासात कांदा बंद असे. आषाढात एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी. त्या दिवशी पोट फुटेस्तोवर कांदा खाऊन घ्यायचा आणि मग पार मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत त्याला शिवायचं नाही. मास्तरांनी शर्त त्यावरच बेतली. कांदेनवमीला दोघांचे साठ साठ कांदे बाजूला काढायचे. सगळा पावसाळा ते ज्याचे त्यानं सांभाळायचे. चंपाषष्ठीला मोजायचे. ज्याचे जास्त टिकले तो जिंकला.

"मी जिंकलो तं तू कांदा खायचा," मास्तर म्हणाले.

आक्कांनी सुपातली मेथीची एक काडी मोडली. मग म्हणाल्या, "अन् मी जिंकली तं?"

"मी कांदा सोडतो. जन्मभर."

"म्हणजे आक्का जिंकल्या तर घरात कांदा खायला मी एकटीच," मी म्हटलं. दोघांसमोर न विचारता बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. दोघंही हसली नाहीत, म्हणजे आता मी घरची झाले असं मी धरून चालले.

आक्कांच्याच बियांचं रोप दोघांनी घेतलं. पौषात रोपं लावायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी शाळेतली फूटपट्टी आणली, वाफ्यावर सुतळी ताणली आणि चार चार इंचांवर रोपं बसवली. पोरांना कवायतीला उभं करावं तशी. आक्का शेजारच्या वाफ्यात मुठीनं अंतर धरत भराभर लावत गेल्या. त्यांचा वाफा लावून झाला, त्यांनी अंघोळ केली, भाकरी टाकल्या, तरी मास्तर तिसऱ्या ओळीतच. संध्याकाळी मास्तर हळूच आक्कांच्या वाफ्यात जाऊन फूटपट्टी लावून आले. मी विचारलं, किती?

"चार इंच," ते म्हणाले. "मूठ मोठी हाये तिची."

त्यानंतर दोन महिने माझी चांगलीच ओढाताण झाली. मास्तर शाळेत गेले की आक्का मला पत्रक वाचायला लावत. त्यांना अक्षर येत नव्हतं. "राखेचं काई लेहलं काय? पाण्याचं काय म्हणते थो?" मी वाचून दाखवी आणि त्या "हं" म्हणत, त्या 'हं'मध्ये होकार आहे की नकार ते कळू देत नसत. संध्याकाळी मास्तर मला परसात गाठून विचारत, "आज आक्कानं पाणी देल्लं काय? किती? सकाळी का दुपारी?" मी दोघांनाही खरं सांगे. परिणाम असा झाला की माघ संपेपर्यंत आक्का पत्रकाप्रमाणे खुरपत होत्या आणि मास्तर आक्कांप्रमाणे राख टाकत होते.

एकदा मास्तरांच्या वाफ्यात पाच-सहा कांद्यांना मधोमध फुलाचे दांडे फुटले. मास्तर खूश. "पाय आक्का, माहे आधी फुलले." आक्कांनी पदर तोंडावर धरला आणि गोठ्यात निघून गेल्या. आत गाईशी काहीतरी बोलल्याचा आवाज आला. फुललेल्या कांद्याचा गड्डा पोसत नाही, सगळा जीव दांड्यात जातो, हे मास्तरांना रात्री पत्रकाच्या तिसऱ्या पानावर सापडलं. सकाळी ते दांडे मोडलेले होते आणि आम्ही कुणी काही विचारलं नाही.

चैत्रात पात पिवळी पडली आणि एकेका कांद्यानं मान टाकली. निम्म्या माना पडल्या की पाणी तोडायचं आणि जमीन वाळली की उपटायचं, यावर पत्रक आणि आक्का यांचं एकमत होतं. शाळेला सुट्टी होती. आम्ही तिघं उकिडवं बसून कांदे उपटत होतो. उपटलेले कांदे ओळीनं मांडायचे, असे की एका ओळीची पात मागल्या ओळीच्या कांद्यांवर यावी, म्हणजे ऊन थेट लागत नाही. आक्का पाणी आणायला गेल्या तेव्हा मास्तर मातीकडे बघत म्हणाले, "तेवीस वर्सं मी तिच्यासमोर बसून कांदा खाऊन राह्यलो. तुले काय वाटते, घास सुखानं उतरते?"

"मग तुम्ही खाऊ नका."

"सोडून पाह्यला. नोकरीले लागलो त्या वर्सी. चार दिस तिनं पाह्यलं, पाचव्या दिशी जेवण टाकलं. म्हणे, तू खाणार नाई तं मी नवस कायले केला?"

मी हातातला कांदा झटकला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस फूटपट्टी घेऊन वाफ्यात कशासाठी बसला होता. सरळ सांगून बहीण ऐकणार नव्हती. शर्तीत हरली तर ऐकेल, अशी त्याची आशा होती. मोठ्या माणसांनी इतका आडमार्ग धरावा याचं मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. कांद्याच्या रानात बसल्याचा एक फायदा असतो, डोळ्यांतलं पाणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

वाळलेले कांदे माना कापून, पात झाडून घरात आले. आक्कांनी आपले पडवीत बांबूच्या माचावर ठेवले, खाली तुराट्यांचा थर, म्हणजे खालून वारा. पत्रकात 'हवा खेळती असावी' असं लिहिलेलं. मास्तरांनी पाहुण्यांसाठीची सुतळीची बाज उचलली, चारी पाय दोरानं पडवीच्या आढ्याला टांगले आणि तिच्यावर कांदे पसरले. त्यामुळे वरून, खालून, चारी बाजूंनी वारा. त्या वर्षी पाहुणे जमिनीवर झोपले.

कांदेनवमीला मी भजी केली, थालीपीठं केली, कांदा घालून बेसन केलं. आक्कांनी सगळ्याचा नुसता वास घेतला आणि मीठ बरोबर आहे म्हणून सांगितलं. मग साठ साठ कांदे मोजले आणि पडवीच्या दारावर कोळशानं आकडे लिहिले. मोजायचं काम माझ्याकडे, कारण दोघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता.

श्रावणात शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. तपासणी झाली आणि मास्तर त्यांना जेवायला घरी घेऊन आले. साहेब पडवीत घोंगडीवर बसले, वही उघडली, आणि त्यांनी चहा मिळेल का म्हणून विचारलं. मास्तर ताठ झाले. चहा हे व्यसन आहे, भूक मारतं, दात पिवळे करतं, असं ते शाळेत पोरांना शिकवत. "आमच्या घरात चहा येत नाही, साहेब," ते म्हणाले. मी आत चुलीपाशी खाली बघत उभी होते. चहाची पुडी ज्वारीच्या कणगीत, खालच्या बाजूला होती. मास्तर शाळेत गेले की रोज दुपारी आक्का आणि मी कपभर घेत असू. सवय मला आक्कांनीच लावली होती.

तेवढ्यात वरच्या बाजेच्या सुतळीतून एक कांदा सटकला आणि साहेबांच्या वहीवर पडला, बरोबर जिथे ते शेरा लिहीत होते तिथे. साहेबांनी आधी वर पाहिलं. डोक्यावर टांगलेली बाज, त्यात कांदे. मग मास्तरांकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"प्रयोग आहे, साहेब," मास्तर म्हणाले आणि सगळी हकीकत सांगू लागले. साहेबांनी कांदा उचलून दाबून पाहिला आणि म्हणाले, "मी काही चातुर्मास पाळत नाही. हाच द्या जेवणात."

साहेबांनी तो अख्खा कांदा खाल्ला. ते गेल्यावर मात्र वाद झाला. आक्कांचं म्हणणं, भाऊ एकूणसाठावर आला. मास्तरांचं म्हणणं, कांदा नासला नव्हता, सरकारी कामात खर्च झाला. मी निवाडा दिला की पोटात गेला तेव्हा चांगला होता, म्हणून टिकलेल्यात धरायचा. आक्कांनी फार ताणलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

भाद्रपदात एका दुपारी झड लागली होती. सरपण घ्यायला पडवीत गेले तर आक्का धान्य मोजायच्या पायलीवर उभ्या राहून मास्तरांच्या बाजेत हात घालून चाचपत होत्या. ओटीत तीन नासके कांदे.

"नासका कांदा तसाच ठेवला तं बाकीच्याले घेऊन जाते," मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या.

ते खरंच होतं. पण मग त्या खाली उतरल्या, आपल्या माचावरचे तीन टणक कांदे निवडले, पुन्हा वर चढून बाजेत ठेवले आणि नासके तीन आपल्या माचाच्या कोपऱ्यात सारले.

"आक्का, हे काऊन?" मी म्हटलं. एव्हाना मीही 'काऊन' म्हणायला लागले होते.

"साठाचे साठ राह्यले पाह्यजे ना."

"आक्का."

त्या पायलीवर बसल्या. "तुले दिसत नाई काय? चातुर्मासच कसाबसा काढते, जन्मभर त्याच्याच्यानं कांद्याबिगर भाकर जाईन काय? शर्तीत बोलून बसला. मी जिंकली तं तो खरंच सोडन, थो तसाच हाये."

"आणि तुम्ही हरलात तर तुम्हाला खावा लागेल."

"आता हरली तं हरली, काय करा लागते," त्या म्हणाल्या. हे म्हणताना त्यांच्या हातात एक कांदा होता आणि अंगठ्यानं त्या त्याचं वरचं टरफल सोलत होत्या, अगदी सावकाश, आतली तांबडी चकाकी दिसेपर्यंत. मी सरपण उचललं आणि आत गेले. मोजणारी मीच होते, पण त्या दिवशी मी काही पाहिलं नाही असं ठरवलं.

चंपाषष्ठीला सकाळी कांदे खाली काढले. मास्तरांचे, साहेबांचा धरून, चौतीस. आक्कांचे एकवीस, बाकीच्यांना एक तर कोंब किंवा वास. मास्तर दोनदा मोजून पुन्हा मोजायला लागले. जिंकायची त्यांना इतकी घाई होती आणि जिंकल्यावर काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

"हरली," आक्का म्हणाल्या. "पण देवीले इचारल्याबिगर मी घास घेत नाई."

चुलीत वांगी भाजायला टाकली होती, ती तशीच निखाऱ्यावर ठेवून आम्ही तिघं देवळात गेलो. गुरव म्हातारा होता, समया घासत बसला होता. आक्कांनी त्याला सगळं सांगितलं, मुदतीच्या तापापासून शर्तीपर्यंत. त्यानं मध्ये काही विचारलं नाही, समई घासणंही थांबवलं नाही.

"देवीनं भाऊ देल्ला, तुम्ही कांदा देल्ला," शेवटी तो म्हणाला. "आता कांदा वापस पाह्यजे तं त्याच्या तोलाचं काई द्या. तेवढंच आवडीचं."

आक्का देवीसमोर बसून राहिल्या. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "कारलं सोडते म्हण, असं सांग तिले." आक्कांनी ते ऐकलं आणि हातानंच गप्प राहायला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "चहा सोडते."

मास्तर हसले. "आक्का, देवीले फसवतं काय? तू चहा पेतच नाई."

आक्कांची मान खाली गेली. गुरव मास्तरांकडे आणि मग आक्कांकडे पाहू लागला. देवीपुढे खोटं बोलल्याचा ठपका तरी घ्यायचा, नाहीतर भावापुढे खरं बोलायचं, अशी त्यांची गत झाली. मला ते पाहवेना.

"पितात," मी म्हटलं. "रोज दुपारी. मी पण पिते."

गुरवाचा समईवरचा राखेचा हात थांबला.

"कवापासून?" मास्तरांनी विचारलं.

"माझं लग्न झालं तेव्हापासून," मी म्हटलं.

"तू नोकरीले लागला तवापासून," आक्का म्हणाल्या. "दुपारी घर खाली राह्यते."

मास्तर देवळाच्या पायरीवर बसले. ते ज्या वर्षी पोरांना चहाचे दुष्परिणाम शिकवू लागले, त्याच वर्षी घरात चहा सुरू झाला होता. "डिप्टी सायब चहा मागत होते," ते स्वतःशीच म्हणाले, "अन् मी म्हटलं आमच्या घरात येत नाई."

"म्हणजे आवडीचा हाये ना?" गुरवानं आक्कांना विचारलं.

"लय."

"मंग झालं. मी सांगतो देवीले." आणि त्यानं कुंकू लावलं.

घरी आलो तोवर वांगी एका बाजूनं कोळसा झाली होती. उरलेल्याचं भरीत केलं, वर पातीचा कांदा आणि सांभार घातला, गोवऱ्यांच्या आगीत रोडगे भाजले. पानं वाढली. आक्का उठून पडवीत गेल्या आणि मास्तरांच्या राशीतून एक कांदा घेऊन आल्या. बारीक मानेचा, गर्द सालीचा. मी तो ओळखला. तो मास्तरांच्या वाफ्यातला नव्हता.

पाटावर ठेवून त्यांनी मूठ मारली. मीठ टाकलं. एक पाकळी उचलली, क्षणभर धरून ठेवली आणि तोंडात टाकली. मास्तर स्वतःचा घास हातात धरून बघत बसले होते. आक्का चावत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाकातून वाहायला लागलं, तरी त्यांनी पदर लावला नाही.

"कसा लागते?" मास्तरांनी विचारलं.

आक्कांनी घास गिळला. "पाणी दोन दिस आधी तोडाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या.

"पत्रकात लिहलं तेव्हाच तोडलं," मास्तर एकदम म्हणाले, "एक दिस इकडे तिकडे नाई. तू तं काईही..." आणि मग दोघं भावंडं त्या पाण्यावरून जी भांडायला लागली ती रोडगे गार होईपर्यंत. आक्का नावं ठेवत होत्या स्वतःच्याच कांद्याला, मास्तर जिवाच्या आकांतानं त्याची बाजू घेत होते, आणि मी खाली बघून भरीत खात होते. त्या दिवशी आक्कांनी तीन कांदे खाल्ले. रोडग्याला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मास्तरांनी चहाची पुडी आणली आणि चुलीजवळ ठेवली. पुढे आठ दिवसांत तेही प्यायला लागले. आक्कांनी मात्र पुन्हा कधी चहाला तोंड लावलं नाही.

चव कळायला लागल्यापासून आक्कांच्या वाफ्याची तऱ्हाच बदलली. बियाण्यासाठी ठेवायचा कांदा त्या आता नुसता दाबून, हलवून निवडत नसत. शेजारचा, त्याच ओळीतला एक कांदा फोडून खात आणि तो गोड लागला तरच ती ओळ बियाण्याला ठेवत. अशानं तीन-चार वर्षांत आमचा कांदा इतका सौम्य झाला की गल्लीतल्या बायका तक्रार करू लागल्या, चिरताना डोळ्यांत पाणीच येत नाही, ठेच्यात जोर राहत नाही. तरी बी मागायला त्याच येत. आक्का चिमूटभर बी देत, पण आधी समोर बसवून अर्धा कांदा खायला लावत. खाऊन काय वाटलं ते नीट सांगता आलं नाही तर बी मिळत नसे.

एकदा मी माहेरी निघाले तेव्हा माझ्या आईसाठी त्यांनी बियांची पुरचुंडी दिली, रेती किती, राख किती, हे सगळं मला पाठ करायला लावलं. आईनं सगळं तसंच केलं. कांदे आले ते सुपारीएवढे आणि असे तिखट की माझे वडील जेवणावरून उठले. मी परत येऊन भीत भीत आक्कांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला.

"थे लोणारचं तळं हाये ना तिकडे, खारं," त्या म्हणाल्या. "त्यानंच झालं असन. बियात काई खोट नाई."

आमच्या आईच्या वाफ्यापासून तळं किती लांब आहे ते मी त्यांना सांगितलं नाही.